टायर बाहेरून बघून ‘मस्त आहे’ म्हणू नका

पावसाची पहिली सर आली की इंदूरच्या टायरवाल्यांकडे रांग लागते. मे महिन्यात कोरड्या रस्त्यावर पाच मिनिटं खाली वाकायचा मात्र सगळ्यांना कंटाळा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टायर फक्त बाहेरून बघणं. सुदामानगरातल्या एका घरची गाडी लग्नासाठी पुण्याला निघालेली. एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेने जायचं, वाटेत बिजासन घाट. आदल्या रात्री काकांनी टायरवर थाप मारली, नक्षी दिसली, विषय संपला. सकाळी हवा भरणाऱ्या पोराने पुढचं चाक वळवून दाखवलं, तर आतल्या कडेला दोन बोटं रुंद पट्टा पार गुळगुळीत आणि एका जागी रबराखालच्या तारा बाहेर. चाक कधीतरी खड्ड्यात आपटलेलं, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा बिघडलेला, आणि तेव्हापासून गाडी आतूनच टायर खात होती. बाहेरची नक्षी जशीच्या तशी.

म्हणून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून आतली कड बघा, मग दुसऱ्या बाजूला. मागच्या चाकांसाठी टॉर्च लावून मोबाइल खाली धरा आणि फोटो काढा. हात फिरवायचाच तर फडकं घेऊन फिरवा, तार बोटात घुसते. अन् अलाइनमेंट न करता नुसता टायर बदलाल, तर नवाही तसाच खाल्ला जाईल. घाईतले लोक नेमके इथेच पैसे वाचवतात.

दुसरा घोळ ‘टीडब्ल्यूआय’चा, म्हणजे ट्रेड वेअर इंडिकेटरचा, टायरची झीज दाखवणाऱ्या खुणेचा. टायरच्या कडेला ‘TWI’ ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. तो शाबूत दिसला की लोक खूश! अहो, तो फक्त जागा दाखवतो. त्याच्या सरळ रेषेत खाचेत बघा, तिथे रबराचा आडवा उंचवटा असतो, १.६ मिमीचा. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की कारचा टायर कायद्यानेही बाद. कोऱ्या टायरची खाच साधारण ८ मिमी असते. पावसाळ्यात ३ मिमीच्या खाली गेलेला टायर ठेवूच नये. खाचेत पाणी मावलं नाही की चाक पाण्यावर तरंगतं, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबून काही होत नाही.

मोजायला डेप्थ गेज, म्हणजे खाचेची खोली मोजायचं साधन घ्या, अंदाज नको. आत, मध्ये, बाहेर अशा तीन खाचा, आणि चाकाभोवती तीन ठिकाणी. सरासरी काढू नका, सगळ्यात कमी आकडा तोच खरा. गेजचं टोक त्या उंचवट्यावर टेकवू नका. दर एक तारखेला मोजून आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

बाकीचं थोडक्यात. मधोमध झिजलाय, तर हवा जास्त. दोन्ही कडा गेल्यात, तर कमी. जागोजागी खळगे पडलेत, तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग बघा. हवा टायर थंड असताना तपासा. दोनच नवे घेतलेत तर ते मागे बसवा, पुढे नाही. ओल्यात मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते. आणि खाचा पुन्हा कोरून ‘नवा’ केलेला जुना टायर फुकट दिला तरी कारला लावू नका. कोरल्यावर तारांवर रबर उरतं कितीसं?

स्टेपनीही मोजा, तिची हवाही बघा. डिकीत बॅगा आणि लाडवांचे डबे भरण्याआधी.