सर्व्हिसिंगनंतर मागच्या हबचा आवाज: काय ऐकावे आणि कोठे कोणते वंगण द्यावे

सर्व्हिसिंग करून आणलेल्या सायकलचे मागचे चाक, पेडल थांबवताच पूर्वीपेक्षा जोरात टिकटिक करू लागले की काहीतरी बिघडले असे वाटते, आणि ते अगदी गप्प झाले की काम उत्तम झाले असे वाटते. या दोन्ही समजुतींवर विसंबू नये. वाढलेली टिकटिक बहुधा एवढेच सांगते की जुने, घट्ट झालेले ग्रीस निघून गेले आहे. उलट अचानक आलेली शांतता कधी कधी जास्त धोक्याची असते.

याचे कारण असे की मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, दोन निरनिराळ्या यंत्रणा शेजारीशेजारी बसलेल्या असतात आणि दोघींना लागणारे वंगण वेगळे असते. चाक ज्यावर फिरते त्या बेअरिंगला टिकाऊ, घट्ट ग्रीस हवे असते. पेडल थांबवल्यावरही चाक फिरू देणारा भाग म्हणजे फ्रीहब. त्यातील स्प्रिंगवर बसलेले छोटे पॉल, ज्यांना आपल्याकडील अनेक कारागीर ‘कुत्ते’ म्हणतात, त्यांना मात्र पातळ वंगण हवे असते, कारण पेडल मारताक्षणी ते उडून हबच्या आतल्या दात्यांत अडकले पाहिजेत. पॉलवर बेअरिंगचे ग्रीस थापले तर आवाज नक्कीच दबतो, पण स्प्रिंगला पॉल वर उचलणे जड जाते. मी हे स्वतः करून पाहिले आहे: शांत झालेल्या हबचे कौतुक करीत चढावर उभा राहून पेडल मारले, आणि पॉल न अडकल्याने पाय एकदम खाली गेला. पडलो नाही, हे नशीबच.

म्हणून काही उघडण्यापूर्वी आवाज ओळखावा. मागचे चाक जमिनीपासून उचलून पुढच्या दिशेने फिरवावे. पेडल स्थिर असतानाच येणारी एकसारखी टिकटिक पॉलची असते आणि ती निरोगी असते. पेडल मारताना व थांबवताना सारखीच येणारी खरखर बेअरिंगची असते. फ्रेमवर बोट टेकवले तर ती बोटालाही जाणवते. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदाच येणारा आवाज बहुधा सैल आऱ्याचा, ब्रेकला घासणाऱ्या रिमचा किंवा डिस्कचा असतो. पेडलच्या फेरीला एकदा येणारा आवाज हबचा नसतोच, तो क्रँककडे, म्हणजे पेडलच्या दांड्यांकडे, शोधावा. फक्त जोर लावल्यावर येणारी करकर हबच्या आतून आली असे गृहीत धरण्याआधी कॅसेटची (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाची) लॉकरिंग, म्हणजे तो संच जागेवर धरणारी कडी, आणि चाक फ्रेमला आवळणारी क्विक रिलीजची खिट्टी पाहावी, कारण सर्व्हिसिंगनंतर नेमक्या याच दोन गोष्टी कमी घट्ट राहून जातात. लॉकरिंग साधारण ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळायची असते, म्हणजे हाताला बऱ्यापैकी जोर द्यावा लागतो.

याच वेळी आणखी एक पाहणी करावी. चाक फिरत असताना पेडलही त्याच्याबरोबर वेगाने फिरू लागले, किंवा चालवताना पेडल थांबवल्यावर वरची चेन सैल पडून लोंबली, तर फ्रीहबमध्ये वंगण जास्त किंवा फार घट्ट आहे, अथवा आत घाण आहे. नव्याने वंगण दिलेल्या हबमध्ये पेडल थोडेसे हळू फिरणे चालते.

वंगण देण्याची पद्धत हबच्या जातीनुसार बदलते. सीलबंद बेअरिंगच्या अनेक हबमध्ये हबच्या टोकाची टोपी काढली की कॅसेटसह फ्रीहब हातानेच बाहेर ओढता येते. हे काम स्टीलच्या ताटावर करावे. पॉल आणि स्प्रिंग निसटून फरशीवर पडले तर शोधण्यात संध्याकाळ जाते. जुने वंगण फडक्याने पुसावे आणि पॉल व दाते रॉकेल किंवा डिझेलने ओलावलेल्या ब्रशने धुवावेत, मात्र ते बेअरिंगच्या सीलमध्ये जाऊ देऊ नये. पूर्ण सुकल्यावर पॉलच्या खाचेत आणि दात्यांवर पातळ, मऊ ग्रीसचा किंवा जाडसर तेलाचा पुसट थर द्यावा. दाते थराखालून स्पष्ट दिसले पाहिजेत. ग्रीसच्या डब्यावर एनएलजीआय (घट्टपणा दाखवणारा) क्रमांक असेल तर बेअरिंगसाठी नेहमीचे २ क्रमांकाचे, आणि पॉलसाठी त्याहून पातळ, म्हणजे ० किंवा ०० चे निवडावे. परत बसवताना फ्रीहब घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवीत आत ढकलावे. पॉल बाहेर उसळत असतील तर त्यांच्याभोवती शिवणाचा दोरा एक वेढा देऊन दाबून धरावेत आणि ते आत गेल्यावर दोरा ओढून घ्यावा.

शिमानो कंपनीच्या कप-कोन पद्धतीच्या, म्हणजे वाटी आणि शंकूसारखा कोन यांच्यामध्ये सुटे छर्रे असलेल्या, बहुतेक हबची गोष्ट वेगळी आहे. त्यातील फ्रीहब उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेले नसते. एक्सल (चाकाचा आस) काढल्यावर पोकळ बोल्ट सोडवून ते अख्खे बदलता येते. तेथे मागच्या फटीतून तेलाचे थोडे थेंब सोडून फ्रीहब फिरवणे एवढेच शहाणपणाचे. खरखर मात्र तेलाने जात नाही. त्यासाठी एक्सल काढून प्रत्येक बाजूचे ९ पाव इंची छर्रे पुसून पाहावेत, कोनवर खड्डे पडले असतील तर तो बदलावा आणि नवे ग्रीस भरून कोन बसवावा. क्विक रिलीज आवळल्यावर एक्सल किंचित दाबला जातो, त्यामुळे चाक फ्रेमबाहेर असताना कोनमध्ये कणभर ढिलाई ठेवावी आणि चाक फ्रेममध्ये आवळल्यावर ती नाहीशी झाली का ते रिम आडवी हलवून तपासावे. बाहेर असतानाच अगदी अचूक बसवलेला कोन आवळल्यावर जास्त घट्ट होतो, आणि सर्व्हिसिंगनंतर नव्याने आलेल्या खरखरीचे हे नेहमीचे कारण आहे.

डब्ल्यूडी-४० हा स्प्रे हबच्या फटीत फवारण्याचा मोह टाळावा: ते पाणी आणि गंज हटवण्यास उपयोगी आहे, पण पातळ असल्याने आतले ग्रीस धुऊन नेते आणि आवाज चार दिवसांत परत येतो. डिस्क ब्रेक असतील तर कोणतेही वंगण हाताळण्यापूर्वी डिस्क काढून ठेवावी किंवा फडक्यात गुंडाळावी. तेल लागलेले ब्रेक पॅड बहुधा फेकूनच द्यावे लागतात.

जुन्या, आट्यांच्या फ्रीव्हीलच्या (दातेरी चकत्या आणि पॉल एकाच तुकड्यात असून तो हबवर आट्यांनी बसतो) सायकलसाठी यातले फारसे काही लागत नाही. सायकल आडवी करून, फ्रीव्हीलची बाजू वर ठेवून, फिरणाऱ्या आणि स्थिर भागांमधल्या फटीत तेल सोडावे आणि चाक फिरवावे. फ्रीव्हील उघडण्याचे धाडस करायचेच असेल तर त्याच्या वरच्या चकतीचे आटे उलटे असतात आणि आत कितीतरी बारीक छर्रे सुटे असतात, तेव्हा ताट येथेही हाताशी असू द्यावे.