लष्करात अधिकारी व्हायचंय? चौकशी कधी करायची, कुणाकडे करायची

बेळगाव-खानापूर भागात ‘मिलिटरीत जायचंय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: भरती कधी आहे? मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून आपल्या कॅम्पात आहे, गावोगावी माजी सैनिक आहेत. भरती म्हणजे काय, हे इथल्या शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. पहाटे पळायचं, लेखी द्यायची, मेडिकल काढायचं. अधिकारी होण्याच्या वाटेनं मात्र घरातलं कुणी गेलेलं नसतं. त्यामुळे तिची चौकशी होत नाही, आणि झाली तर फार उशिरा होते.

मध्यंतरी एक निवृत्त सुभेदार मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा हुशार, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. “सर, एनडीएचा फॉर्म भरायचाय.” वय विचारलं तर वीस पूर्ण. एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तिचं दार साडेएकोणिसाव्या वर्षी बंद होतं. कॉलेजात एनसीसी होती, पण अभ्यास बुडेल म्हणून घेतली नव्हती. पदवीनंतरच्या वाटा त्याला उरल्या, पण दोन चांगल्या संधी कुणी वेळेवर न सांगितल्यामुळे गेल्या. ते बापलेक गेले तरी माझ्या मनातून ते जाईना, म्हणून हे लिहितोय.

आधी दार ओळखा

बेळगावचं सैन्य भरती कार्यालय, म्हणजे एआरओ, मुख्यतः अग्निवीर आणि जवानांच्या भरतीचं काम पाहतं. अधिकाऱ्यांची निवड तिथे होत नाही. बाहेरून अधिकारी व्हायच्या मुख्य वाटा दोन प्रकारच्या: यूपीएससीची लेखी परीक्षा देऊन एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे मुलाखतीला जायचं, किंवा लष्कराच्या ‘जॉइन इंडियन आर्मी’ या संकेतस्थळावर अर्ज करून, छाननीत नाव आलं तर थेट एसएसबीला. नौदल आणि हवाई दलाचीही स्वतःची संकेतस्थळं आहेत. भरती कार्यालयात माहिती विचारायला जरूर जा, पण मेळाव्याच्या गर्दीचे दिवस टाळा. ‘भरती कधी’ असं विचारू नका. ‘मुलगा अमुक वर्गात आहे, जन्मतारीख ही, अधिकारी व्हायला आज कुठला प्रवेश खुला आहे’ असं विचारा. प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघमच मिळतं.

सीमाभागातल्या लोकांसाठी आणखी एक. जवान भरती जिल्ह्यांनुसार होते, म्हणून चंदगडचा मुलगा कोल्हापूरकडे जातो आणि उचगावचा बेळगावकडे. अधिकारी निवडीत हा जिल्ह्याचा प्रश्नच येत नाही, ती साऱ्या देशाची एकच स्पर्धा आहे.

पहिली चौकशी: एसएसएलसीच्या परीक्षेआधी

निकाल लागल्यावर नव्हे, दहावीच्या जानेवारीतच. कारण पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कुठले विषय घेता, यावर पुढची दारं ठरतात. एनडीएतून लष्करात जायला कुठलीही शाखा चालते, अगदी कलाही. नौदल आणि हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. लष्कराच्या बारावीनंतरच्या तांत्रिक प्रवेशाला (टीईएस) भौतिक, रसायन, गणितात मिळून 60 टक्के आणि जेईई मेन दिलेली असणं लागतं. डॉक्टरकीच्या आशेनं गणित सोडणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही, आणि दुसऱ्या पीयूसीत कळून उपयोग नसतो.

कोल्हापूरकडच्या वर्तमानपत्रांत छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्थेची जाहिरात येते. ही महाराष्ट्र शासनाची संस्था दहावीच्या मुलांची प्रवेश परीक्षा घेते आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं एनडीएची तयारी करून घेते. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीच्या जाहिरातीतली अधिवासाची अट शब्दन् शब्द वाचा आणि संस्थेला फोन करून तुमच्या गावाचं नाव सांगून विचारा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

याच सुमारास मार्क्सकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नाव तपासा. आपल्याकडे हा घोळ फार. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव नुसतं अक्षरात, तिसऱ्यावर कन्नड उच्चारावरून केलेलं इंग्रजी स्पेलिंग. शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन दुरुस्ती करून घ्या. एसएसबीचं कॉल लेटर हातात आल्यावर हे निस्तरायला धावाधाव होते.

दुसरी चौकशी: पहिल्या पीयूसीच्या शेवटी

एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा असते, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. जाहिरात डिसेंबर आणि मेच्या आसपास येते. दुसऱ्या पीयूसीत शिकणारा विद्यार्थी अर्ज करू शकतो. वय 16½ ते 19½, पण जाहिरातीत जन्मतारखांची नेमकी मुदत दिलेली असते. ती वहीत लिहून आपल्याला किती संधी मिळतात ते मोजा. फी 100 रुपये. मुली, अनुसूचित जाती-जमातीचे उमेदवार आणि जेसीओ व इतर जवानांची मुलं यांना तीही नाही.

गणित 300 गुणांचं, सामान्य क्षमता 600 गुणांची, त्यात इंग्रजीचे 200. बाकी पेपर हिंदीतही असतो. मराठी माध्यमाच्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं: इंग्रजीला घाबरून फॉर्म टाळू नका, त्या 200 गुणांची तयारी आठवी-नववीपासून धरा. आणि मुलींच्या आईवडिलांनो, एनडीएत मुलींना 2022 पासून प्रवेश आहे. 17 मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये खडकवासल्यातून बाहेर पडली. मुलगी विचारत असेल तर तिच्यासोबत तुम्हीही चौकशीला जा.

तिसरी: पदवीच्या पहिल्याच महिन्यात

इथे एनसीसीच्या सरांना भेटा, तेही प्रवेश घेतल्या घेतल्या. जागा मोजक्या असतात आणि नावनोंदणी वर्षाच्या सुरुवातीलाच होते. ‘सी’ प्रमाणपत्र किमान बी श्रेणीत, पदवीला 50 टक्के आणि वय 19 ते 25 असेल तर एनसीसी विशेष प्रवेशातून यूपीएससीची लेखी न देता एसएसबीचा अर्ज करता येतो. तिसऱ्या वर्षाला जाग आली तर ‘सी’ हाती लागत नाही.

एनसीसी नसली तरी सीडीएस, म्हणजे यूपीएससीची पदवीधरांसाठीची परीक्षा आहे. गणिताशी वैर असलेल्यांनी लक्षात ठेवावं: चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी सीडीएसमध्ये फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाचे पेपर असतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांना तांत्रिक प्रवेश आहेत, वय 20 ते 27. एलएलबीला 55 टक्के असतील तर लष्कराच्या कायदा विभागाचा रस्ता आहे. हवाई दलाची एएफकॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी.

जवान म्हणून आधीच भरती झालेल्यांनी बाहेर चौकशी न करता आपल्या युनिटमध्ये आर्मी कॅडेट कॉलेजबद्दल विचारावं. बारावी पास, किमान 2 वर्षं सेवा आणि वय 20 ते 27 अशी अट असते.

एसएसबीचं पत्र आल्यावर

आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना बेंगळूरचं केंद्र येतं, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत पोचता येतं. हवाई दलासाठी म्हैसूरही असू शकतं. मुलाखत पाच दिवसांची. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावरची चर्चा, त्यात न टिकणारे त्याच दिवशी परततात. नंतर मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं, वैयक्तिक मुलाखत आणि शेवटी कॉन्फरन्स. तारीख विद्यापीठाच्या परीक्षेवर येत असेल किंवा कागद कमी असेल, तर पत्रावर दिलेल्या क्रमांकावर लगेच संपर्क करा, आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. त्या प्रवेशप्रकाराच्या एसएसबीला पहिल्यांदाच जाणाऱ्याला रेल्वेभाडं मिळतं, तिकीट जपून ठेवा.

मेडिकलची चौकशी मात्र याच्याही आधी. दात, कान, डोळे, सपाट तळवे, गुडघे हे फॉर्म भरण्याआधीच ओळखीच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. जत्रेत हौसेनं गोंदवून घेण्याआधी नियम वाचा, गोंदण शरीराच्या ठराविक भागावरच चालतं. लष्करी इस्पितळात अनफिट ठरलात तर अपील करता येतं, त्याची मुदत 42 दिवसांची. त्याची रीत तिथल्या तिथे, निघण्यापूर्वी विचारून घ्या.

या सगळ्यात कुठेही मध्यस्थाला जागा नाही. ‘आतून काम करतो’ म्हणत कुणी पैसे मागितले तर तो फसवतोय. शेत गहाण ठेवून असे पैसे दिलेली घरं मी पाहिली आहेत. असा माणूस दारात आला तर पैसे देऊ नका, पोलिसांत कळवा.

पहिल्या भेटीला जाताना एसएसएलसीचं मार्क्सकार्ड, आधार, वडील सैनिक असतील तर त्यांचं सेवापुस्तक किंवा डिस्चार्ज बुक, आणि प्रश्न लिहिलेली वही घ्या. बोलायचं मुलानं किंवा मुलीनं. आईवडिलांनी बाजूच्या खुर्चीवर बसावं.