स्मोक डिटेक्टर कुठे लावायचा? या चुका टाळा

स्मोक डिटेक्टर घरी आला की बहुतेक लोक तो थेट गॅसच्या ओट्यावर लावायला निघतात. आग स्वयंपाकघरातच लागते ना, असं त्यांचं म्हणणं. पण ओट्यासमोर उभ्या माणसाला आग डोळ्यांनी दिसते. यंत्राची खरी गरज घर झोपलेलं असताना असते. धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर कुणी राहू नये. म्हणून पहिला डिटेक्टर बेडरूमच्या दारांबाहेर, पॅसेजमध्ये. पुढचे प्रत्येक बेडरूममध्ये. बंगला असेल तर दर मजल्यावर एक तरी हवाच.

कोथरूडच्या एका टू-बीएचकेमध्ये एकुलता एक डिटेक्टर शेगडीच्या डोक्यावर होता. मिरचीची फोडणी पडली की हा बोंबलायचा. कंटाळून आजींनी त्याला प्लास्टिकची पिशवी घालून रबरबँड लावला. पुढे एका रात्री पॅसेजमधल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीची ढिली वायर तापून जळायला लागली. पिशवीतला डिटेक्टर गप्पच राहिला. शेजाऱ्यांनी दार बडवलं म्हणून चौघं वाचली. मी गेलो तेव्हा बेडरूमच्या चौकटीचा वरचा भाग काजळीने काळा होता आणि पिशवी तशीच होती. आजींना दोष देऊ नका. जिथे रोज खोटी ओरड होणार तिथे ते यंत्र लावणाऱ्याचा हा दोष. शेगडीपासून किमान दहा फूट लांब राहा. स्वयंपाकघरात काही हवंच असेल तर उष्णतेवर चालणारा हीट डिटेक्टर घ्या. धुराचा घेताना फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या किरणाने धूर ओळखणारा, मागा. धुमसणारी आग तो लवकर ओळखतो आणि फोडणीला कमी फसतो.

दुसरी चूक पंख्याची. पंख्याचा वारा धूर डिटेक्टरपर्यंत पोचूच देत नाही. पात्याच्या टोकापासून तीन फूट सोडा. दहा बाय दहाच्या खोलीत ४८ इंची पंखा मधोमध असेल तर हे तीन फूट थेट भिंतीपाशी संपतात. अशा वेळी मी पंख्यापासून कोपऱ्याच्या दिशेने सरकतो, पण भिंतीपासून चार इंच अंतर ठेवतो, कारण अगदी कोपऱ्यात हवा साचून राहते आणि धूर उशिरा शिरतो. वायरमनला घाई असते, तो जिथे पॉइंट मिळेल तिथे ठोकून मोकळा होतो. शिडीवर तो चढण्याआधी पेन्सिलने खूण तुम्हीच करून ठेवा.

एसीच्या झोतापासून आणि बाथरूमच्या दारापासूनही तीन फूट. देवघरावर नको, धूप-उदबत्तीने वाजत राहील. भिंतीवर लावलात तर छतापासून बारा इंचांच्या आत. रंगकामासाठी घातलेलं झाकण काम संपताच काढा. दहा वर्षं झालेला डिटेक्टर वाजत असला तरी बदला.

गॅसगळतीचा डिटेक्टर वेगळा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत. पाइपचा गॅस हलका, म्हणून छताजवळ. दुकानदार दोन्हींसाठी एकच उंची सांगतो, ऐकू नका.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, आणि तेही बेडरूमची दारं लावून, पंखा-एसी चालू ठेवून. आजोबा श्रवणयंत्र काढून झोपत असतील तर तेव्हाही ते काढायला सांगा. पलंगावर त्यांना आवाज आला नाही, तर त्यांच्या खोलीत आणखी एक, बाहेरच्याशी जोडलेला, म्हणजे एक वाजला की दोन्ही वाजतील असा लावा. तरीही ऐकू येत नसेल तर उशाखाली थरथरणारं पॅड जोडता येईल असा घ्या.