शॉवरचं पाणी वाचवायचंय? आधी बादली लावा

‘पाणी वाचवणारा’ शॉवर विकत आणायच्या आधी एक बादली आणि सेकंद दाखवणारं घड्याळ घेऊन बाथरूममध्ये जा. बादली १० लीटरची असावी. तिच्यावर खुणा नसतील तर एक लीटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओतून आत पेनाने रेघ मारून घ्या. आता रोज उघडता तेवढाच शॉवर उघडा आणि पाणी रेघेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते बघा. ६०० ला त्या सेकंदांनी भागलं की मिनिटाला किती लीटर पाणी येतं ते कळतं. बादली ६० सेकंदांत भरली तर १० लीटर, १०० सेकंदांत भरली तर ६.

आमची ४३ सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला जवळजवळ १४ लीटर! मग मोबाइल बेसिनवर ठेवून आंघोळीची वेळ लावली. माझी आंघोळ पाच मिनिटांत उरकते, असं मी शपथेवर सांगितलं असतं. निघाली साडेनऊ मिनिटं. एका माणसाच्या एका आंघोळीला १३० लीटरच्या वर पाणी. घरातल्या सगळ्यांचे आकडे असेच काढा, पण त्यांना न सांगता. वेळ लावलीय हे कळलं की माणूस घाईघाईने आंघोळ करतो आणि आकडा खोटा येतो.

आता पैशांचं. आंघोळीचा खरा खर्च पाण्यापेक्षा ते तापवण्यात जास्त जातो, आणि हा हिशोब शाळेतल्या गणिताइतका सोपा आहे. एक लीटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास वीज लागते. नळाचं पाणी २२ अंशांचं आणि अंगावर घेतो ते ४० अंशांचं धरू, म्हणजे १८ अंश चढवायचे. चार माणसं, प्रत्येकी आठ मिनिटं, मिनिटाला १० लीटर: रोज ३२० लीटर पाणी आणि सुमारे ६.७ युनिट. तीच माणसं पाच मिनिटांत आटोपली आणि शॉवर मिनिटाला ६ लीटर देत असला, तर १२० लीटर आणि अडीच युनिट. महिन्याला ६,००० लीटर पाणी आणि सव्वाशे युनिटांचा फरक पडला. तुमच्या बिलातला युनिटचा दर घेऊन गुणाकार करा. गॅसवर पाणी तापत असेल तर युनिट सोडून द्या, पण उष्णता तेवढीच लागते.

मोजमाप झालं की आधी फुकटची कामं उरका.

रात्री सगळे झोपल्यावर शॉवरखाली एक वाटी ठेवा. सकाळी तिच्यात पाणी साठलं असेल तर कॉकचा वॉशर गेलाय. सेकंदाला एक थेंब गळतो आणि थेंब पाव मिलीलीटरचा आहे असं धरलं, तरी दिवसाला २० लीटरच्या पुढे जातं. पाणी बंद करून, चावी खोलून वॉशर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. शॉवर आणि पाइप यांच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे द्या. टेप आटे कसायच्या दिशेनेच गुंडाळा, उलटी गुंडाळली तर कसताना ती सगळी निघून येते.

दुसरं फुकटचं काम म्हणजे साबण लावताना शॉवर बंद करणं. जहाजावरच्या लोकांना साठवलेलं किंवा समुद्राचं पाणी गोडं करून वापरावं लागतं, म्हणून त्यांची पद्धत अशीच: भिजा, बंद करा, साबण-शाम्पू चोळा, मग उघडा. साडेनऊ मिनिटांतली निदान चार मी नुसता डोळे मिटून फेस चोळत उभा असायचो, आणि तेवढा वेळ गरम पाणी वाया जात होतं. अडचण एकच, पुन्हा उघडल्यावर गरम-थंड जुळवत बसावं लागतं. त्यासाठी शॉवरच्या मानेत बसणारा छोटा कॉक मिळतो. तो पूर्ण बंद केला तरी थोडं पाणी ठिबकत राहिलं, तर लगेच खराब समजू नका. बरेचसे मुद्दामच तसे बनवलेले असतात. नाहीतर मिक्सरमधून गरम पाणी थंडाच्या पाइपात, किंवा थंड पाणी गरमच्या पाइपात घुसू शकतं.

तिसरं काम, सुरुवातीचं गार पाणी. गीझर लांब असेल तर पाइपातलं थंड पाणी आधी निघून जावं लागतं. अर्ध्या इंची पाइपाच्या दहा मीटरमध्ये दोन लीटरच्या आसपास पाणी असतं, शिवाय पाइप तापेपर्यंत आणखी थोडं जातं. ते बादलीत धरा. साबण न लागलेलं स्वच्छ पाणी आहे, फरशीला, झाडांना, कशालाही चालतं.

एवढं झाल्यावरच नवा शॉवर घ्यावा की नाही ते ठरवा. बादली ७० सेकंदांपेक्षा जास्त घेत असेल तर माझ्या मते पैसे घालू नका. जुना काढून बघा, भोकं क्षाराने बुजलेली असतील. मग पाणी वाकडंतिकडं उडतं, अंगावर कमी येतं आणि आंघोळ लांबते. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात तासभर बुडवा, जुन्या ब्रशने घासा. सोनेरी किंवा रंगीत मुलामा असेल तर मात्र व्हिनेगर लावू नका, मुलामा खराब होतो.

नवा घ्यायचाच असेल तर खोक्यावर मिनिटाला किती लीटर आणि ते किती दाबाला, हे दोन्ही वाचा. छतावरच्या टाकीचं पाणी असेल तर इथेच फसगत होते. टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असली तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो, आणि हवा मिसळणारे बरेच शॉवर त्याहून जास्त दाबासाठी बनवलेले असतात. मग अंगावर नुसते शिंतोडे उडतात आणि माणूस दुप्पट वेळ उभा राहतो. झटपट तापवणारा गॅस गीझर असेल तर तो किमान किती प्रवाहावर पेटतो ते त्याच्या माहितीपुस्तिकेत बघा. धार फार बारीक केली तर तो मध्येच विझतो. नवा बसवल्यावर तीच बादली पुन्हा लावा. आमची आता ८५ सेकंद घेते.

राहिला गीझर. साठवणीच्या गीझरचा थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. वीज वाचवायला ४०-४५ वर आणू नका, कोमट साठ्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जंतू वाढतात. त्याऐवजी तो चालू ठेवायचा वेळ कमी करा. १५ लीटरच्या, दोन किलोवॉटच्या गीझरला २२ वरून ६० अंशांवर यायला वीसेक मिनिटं पुरतात. ते १५ लीटर थंड पाण्यात मिसळले की ४० अंशांचं साधारण ३२ लीटर पाणी होतं. मिनिटाला ६ लीटरच्या शॉवरखाली पाच मिनिटांची एक आंघोळ तेवढ्यात होते, आणि अंगावर पहिलं पाणी पडायच्या आधी गीझरचं बटण बंद करता येतं.