घरी गाणं रेकॉर्ड करताय? नवीन माइक घ्यायच्या आधी हे करून बघा

घरी रेकॉर्ड केलेला आपला आवाज ऐकला की पहिला संशय माइकवर जातो. माझंही तसंच झालं होतं, साधा डायनॅमिक माइक (जवळचाच आवाज नीट टिपणारा) बाजूला ठेवला, कंडेन्सर जातीचा माइक आणला आणि रेकॉर्डिंग आधीपेक्षा वाईट यायला लागलं, कारण कंडेन्सरचा कान फार तिखट असतो, तो माझ्या गळ्याबरोबर भिंतींवरून परत येणारा आवाज, पंखा, पलीकडच्या खोलीतलं बोलणं असं सगळंच टिपायला लागला. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी खोली, मग अंतर, मग लेव्हल, आणि खर्च सगळ्यात शेवटी.

१. खोलीचा आवाज ऐका

खोलीत उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीच्या मागून टर्रर्र अशी शेपटी ऐकू आली तर समजायचं की समोरासमोरच्या मोकळ्या भिंतींमध्ये आवाज टप्पे खातोय. हीच शेपटी तुमच्या प्रत्येक शब्दाला चिकटून रेकॉर्ड होते आणि नंतर ती नीट काढता येत नाही, सॉफ्टवेअर आहेत पण ती गुंजेबरोबर आवाजाचा थोडा जीवही घेऊन जातात. म्हणून या पायरीला वेळ द्या, अर्धा दिवस गेला तरी चालेल.

बरेच जण माइकच्या मागच्या भिंतीला फोम लावतात आणि थांबतात. पण घरात वापरतात ते बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं सगळ्यात जास्त ऐकतात आणि मागचं सगळ्यात कमी. माइकच्या समोर कोण? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. त्यामुळे जाड रजई किंवा गोधडी पहिली टांगायची ती गाणाऱ्याच्या पाठीमागे, मग दोन्ही बाजूंना, आणि उरली तर माइकमागे. भिंतीला चिकटवू नका, मध्ये वीतभर जागा सोडा, त्याच रजईचं काम बरंच सुधारतं.

पातळ फोमचा भरवसा मी धरत नाही, अंड्यांच्या ट्रेचा तर अजिबात नाही. कारण सरळ आहे, १००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण ३४ सेंटिमीटर लांब असते आणि १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर, तेव्हा इंचभर फोम वरचा चुरचुरीत भाग शोषतो आणि खालचा घुमारा तसाच ठेवतो, मग आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे असेल तर ते फुकटातलं चांगलं साधन आहे, फक्त कपाटाच्या आत शिरून दार लावून गाऊ नका, परत तोच डबा.

आता जागा निवडा. कोपऱ्यात बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, साचतो म्हणून कोपरा नको, खोलीचा अगदी मध्यबिंदूही नको. गाण्याची एकच ओळ चार-पाच ठिकाणी उभं राहून रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून लागोपाठ ऐका, एवढा फरक एकाच खोलीत कसा असं वाटेल इतका फरक असतो. जी जागा आवडली तिथं जमिनीवर चिकटपट्टी लावून पायांची आणि स्टँडची खूण करून ठेवा, उद्या एखादी ओळ परत गायची वेळ आली तर आवाज जुळतो.

२. शांतता तपासा

पंखा, एसी बंद. फोन सायलेंट करून पुरत नाही, तो लांब ठेवा. लॅपटॉपचा पंखा लपत नाही, म्हणून लॅपटॉप माइकच्या पाठीमागच्या बाजूला जाऊ द्या, तिथं माइकला सगळ्यात कमी ऐकू येतं. मग न बोलता १० सेकंद रेकॉर्ड करा आणि आवाज मोठा करून ऐका. गुंईं असा सलग आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, नंतर केबल बदलून बघा.

३. अंतर आणि कोन

तोंडापासून माइक ६ ते ८ इंच, म्हणजे वीतभर किंवा जरा कमी. अंतर दुप्पट केलं की तुमचा थेट आवाज साधारण ६ डीबीने पडतो, खोलीचा मात्र जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे लांबून गायलं की खोली पुढे येते. फार जवळ गेलात तर कार्डिऑइड माइकमध्ये बेस फुगतो, हळुवार गाण्याला तो छान वाटतो पण शब्द जड होतात. वरच्या पट्टीतली जोरकस जागा आली की थोडं मागे सरकायची सवय लावा.

तळहात तोंडासमोर धरून 'फ' आणि 'भ' म्हणून बघा, हवेचा झोत हाताला लागतो ना, तोच माइकवर आदळून धप्प असा आवाज होतो, आणि मराठीत फ, भ, ख, ध पावलोपावली आहेत. पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा झोत अडवणारी जाळी, माइकपासून २-३ इंचांवर लावा, आणि त्याहून महत्त्वाचं, माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता नाकाच्या उंचीवर ठेवून खाली ओठांकडे कलता करा, म्हणजे झोत खालून निघून जातो. 'स', 'श', 'च' टोचत असतील तर माइक जरासा बाजूला फिरवा, ते पण मऊ होतात. आणि एक साधी गोष्ट जी खूप जणांची चुकते: मोठे कंडेन्सर माइक बहुतेक वेळा बाजूने ऐकतात, वरच्या टोकातून नाही, त्यामुळे त्याची समोरची बाजू कुठली ते बघूनच गायला उभे राहा.

शब्दांचा कागद ज्या स्टँडवर ठेवता त्याच्यावर कापड टाका, नाहीतर त्या सपाट पत्र्यावरून आवाज उसळून माइकमध्ये जातो.

४. लेव्हल

कंडेन्सर असेल तर इंटरफेसवरचं (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) ४८ व्होल्टचं फँटम पॉवर चालू करा, कंडेन्सरला लागणारी वीज त्यातून मिळते. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं सेटिंग २४ बिट ठेवा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ दोन्ही चालतात. आता गाण्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा भाग खरोखर जीव ओतून गा, टेस्टिंग वन टू थ्री म्हणून लेव्हल लावू नका, आणि मीटरवर आवाजाची टोकं मायनस १२ ते मायनस ६ डीबीच्या दरम्यान येतील एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) द्या. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, हळू आलेलं नंतर वाढवता येतं, फार मोठं होऊन फाटलेलं मात्र नीट शिवता येत नाही.

५. हेडफोन

बंद कपांचे घ्या, उघड्या कपांतून ट्रॅक आणि क्लिक (लयीची टिकटिक) गळून माइकमध्ये जातात. एक कान मोकळा ठेवून गात असाल तर त्या बाजूचा आवाज बंद करा. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवायचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा, ४४.१ वर तो जवळपास ३ मिलिसेकंदांचा होतो आणि त्यात येण्याजाण्याचा थोडा वेळ मिळवा, किंवा सरळ इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, त्यात आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट कानात येतो. कानात स्वतःचा आवाज फार मोठा असला की माणूस दबून गातो आणि फार लहान असला की ओरडतो, तेव्हा सुराची तक्रार गळ्यावर ढकलायच्या आधी हेडफोनमधल्या स्वतःच्या आवाजाचं बटण फिरवून बघा. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) हवाच असेल तर फक्त कानापुरता, रेकॉर्ड कोरडंच करा.

६. गाणं आणि नंतरचं

गळा तापल्याशिवाय रेकॉर्ड दाबू नका, साधं पाणी जवळ ठेवा. एकच ओळ वीस वेळा गाण्यापेक्षा पूर्ण गाणं ३-४ वेळा गा आणि त्यातून ओळीओळी निवडा, भाव तुटत नाही.

नंतर हात हलका ठेवा: ८० हर्ट्झच्या खालचं कापा (आवाज फार खर्जातला असेल तर जरा कमी), घुमारा वाटला तर २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास थोडं उतरवा, कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून एकसारखं करणारं साधन) ३:१ वर ठेवून ३-४ डीबी दाबला तरी पुष्कळ, टोचणाऱ्या 'स' साठी डीएसर (तेवढाच आवाज दाबणारं साधन) साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये. आधीचं आणि नंतरचं दोन्ही एकाच लेव्हलला आणून ऐका, कारण मोठं वाजलेलं कानाला उगाच चांगलं वाटतं.

इतकं करूनही खोली ऐकू येतच असेल तर पैसे ४ इंच जाडीच्या रॉकवूल (दगडी धाग्यांचा आवाज शोषणारा थर) पॅनेलवर घाला, ते कापडात नीट गुंडाळलेले हवेत, धागे उडायला नकोत. आणि पॅनेल लावणं शक्यच नसेल तर डायनॅमिक माइक घेऊन ३-४ इंचांवरून गा, मी माझा जुना माइक परत बाहेर काढला तो याच कारणाने.