दीड मीटरच्या बाल्सा ग्लायडरचे पंख कसे जोडावेत

इंजिन असलेल्या मॉडेल विमानाच्या पंखात थोडा दोष राहिला, तरी ते जोराच्या बळावर उडून जाते. ग्लायडरला तशी सवलत नसते. एका पंखाची मागची कड दुसऱ्यापेक्षा 4 मिमी वर राहिली, तर ते प्रत्येक वेळी एकाच बाजूला गिरकी घेऊन खाली येते. माझा पहिला पंख नेमका असाच झाला होता. भर पावसाळ्यात फेविकॉल पुरता वाळायच्या आत मी सांगाडा फळीवरून उचलला होता, आणि पुढे कितीही दुरुस्ती केली तरी तो पीळ पूर्णपणे गेला नाही. म्हणून या लेखात पंख फळीवर असतानाच्या कामाला सर्वाधिक जागा दिली आहे.

उदाहरणासाठी 1500 मिमी लांबीचा आणि सर्वत्र 180 मिमी रुंदीचा पंख घेऊ. त्याचा छेद, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार, ‘क्लार्क वाय’ प्रकारचा असेल, कारण या छेदाचा खालचा भाग बराचसा सपाट असल्याने सांगाडा थेट फळीवर ठेवून बांधता येतो. छेदाची जाडी रुंदीच्या 11.7 टक्के, म्हणजे येथे 21 मिमी भरते. संपूर्ण ग्लायडरचे वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास ठेवायचे असेल, तर पंख सुमारे 200 ग्रॅममध्ये बसवावा लागतो.

हत्यारे फारशी लागत नाहीत, पण ती चांगली असावीत. टोकदार पात्याचा कटर आणि त्याची भरपूर जादा पाती, 600 मिमीची पोलादी पट्टी, लहान गुण्या, हॅक्सॉची पाती, 120 आणि 240 नंबरचा पॉलिशपेपर, तो चिकटवायला सरळ लाकडी ठोकळा, डोके असलेल्या टाचण्या आणि एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा एवढे पुरे. सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे सपाट फळी. जुन्या फ्लश डोअरचा तुकडा यासाठी उत्तम. त्यावर टाचण्या घुसतील असा सॉफ्टबोर्ड चिकटवावा आणि पोलादी पट्टी उभी धरून सर्व दिशांनी खालून उजेड दिसतो का ते पाहावे. उजेड दिसला, तर ती फळी या कामाची नाही.

बाल्सा हे अतिशय हलके लाकूड विकत घेताना प्रत्येक पत्रा तोलून घ्यावा. 1.5 मिमी जाडीचा, 100 मिमी रुंद आणि एक मीटर लांब पत्रा 15 ग्रॅमही भरतो आणि 24 ग्रॅमही भरतो, आणि दोन्ही एकाच गठ्ठ्यात मिळतात. हलके पत्रे मढवण्यासाठी बाजूला काढावेत आणि त्यांच्या जोड्या लावाव्यात, म्हणजे डाव्या-उजव्या पंखाचे वजन सारखे राहील. स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर वरून आणि खालून जाणाऱ्या दोन मुख्य पट्ट्यांसाठी, मात्र बाल्सा नको. 6 × 3 मिमीच्या, सरळ रेषांच्या आणि बिनगाठीच्या पाइन किंवा स्प्रूसच्या पट्ट्या घ्याव्यात. पट्टी एका टोकाला धरून डोळ्यासमोर आणल्यावर ती वाकलेली दिसली, तर परत ठेवावी.

पहिले काम रिब, म्हणजे पंखाला छेदाचा आकार देणाऱ्या फासळ्या, कापण्याचे. पंखाची रुंदी सर्वत्र सारखी असल्याने सर्व रिब एकाच मापाच्या असतात आणि त्या थप्पी करून कापता येतात. 3 मिमी प्लायवुडचे दोन साचे करावेत. छेदाच्या मापातून मढवणीच्या पत्र्याची आणि पट्ट्यांची 1.5 मिमी जाडी वरून व खालून वजा करावी, पुढच्या कडेचे 6 मिमी आणि मागच्या कडेचे 25 मिमी सोडावेत. 2 मिमी बाल्साचे, लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने असलेले 16 तुकडे दोन साच्यांमध्ये धरून दोन बोल्टांनी आवळावेत आणि ठोकळ्याने घासून साच्याबरोबर आणावेत. हीच थप्पी दुसऱ्या पंखासाठी पुन्हा करावी. पुढच्या कडेपासून 54 मिमीवर, रिबच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, स्पारची एकेक खाच येते. तिच्या दोन्ही बाजू हॅक्सॉच्या पात्याने कापून तळ 6 मिमी रुंद पट्टीवर चिकटवलेल्या पॉलिशपेपरने सपाट करावा. खाच बरोबर झाली आहे की नाही हे हातालाच कळते: अंगठ्याच्या हलक्या दाबाने स्पार आत बसला पाहिजे, आणि रिब उलटी केल्यावर तो निसटता कामा नये.

आता जोडणी. पूर्ण मापाचा नकाशा फळीवर लावून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावे, म्हणजे डिंक कागदाला चिकटणार नाही. प्रथम खालचा पुढचा पत्रा टाचावा. त्याच्या पुढच्या कडेखाली 2 मिमीची पट्टी सरकवावी, कारण या छेदाचा तळ पुढे किंचित वर उचललेला असतो. मागची कड आणि प्रत्येक रिबखाली येणारी 1.5 × 6 मिमीची पट्टीही आपापल्या जागी टाचावी. मग खालचा स्पार, त्यावर 50 मिमी अंतराने रिब, पुढची कड आणि शेवटी वरचा स्पार, असा क्रम ठेवावा. प्रत्येक रिब गुण्या लावूनच उभी करावी. फक्त मुळाची रिब, तिची वरची कड पंखाच्या टोकाकडे झुकेल अशी, 6 अंशांनी कलती ठेवावी, त्यासाठी पुठ्ठ्याचा कोन आधीच कापून ठेवावा. टाचणी स्पारमधून कधीही घालू नये. तिच्या भोकातूनच पुढे लाकूड फाटते, म्हणून दोन टाचण्या स्पारच्या दोन बाजूंना तिरक्या रोवून त्याला कैचीत धरावे.

डिंकाबाबत माझे मत ठाम आहे. रिब, स्पार आणि पत्रे यांना फेविकॉलच लावावा आणि रात्रभर वाळू द्यावा. झटपट डिंक मोहात पाडतो, पण तो तुकडा सरळ करायला वेळ देत नाही आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. फेविकॉल बाहेर ओघळला असेल तर ओला असतानाच पुसावा. वाळल्यावर तो रबरासारखा चिवट होतो आणि घासताना शेजारचा बाल्साच आधी झिजतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी एका रात्रीऐवजी दोन रात्री थांबावे.

यापुढचा टप्पा नवशिके अनेकदा गाळतात, आणि पंख हवेत मोडतो तो याच कारणाने. उड्डाणात वरचा स्पार दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. त्या दोघांना एकमेकांवरून सरकू न देणारे काही मध्ये नसेल, तर वरचा स्पार बाहेर वाकून तुटतो. म्हणून दोन रिबांमधल्या प्रत्येक घरात स्पारच्या मागच्या अंगाला 1.5 मिमी बाल्साचा तुकडा चिकटवावा, आणि त्याच्या रेषा उभ्याच असाव्यात. आडव्या रेषांचा तुकडा बसवायला सोपा वाटतो, पण ताणाखाली तो रेषेवर सहज चिरतो. मुळाजवळची घरे मात्र रिकामी ठेवावीत. तेथे पुढे प्लायवुड येणार आहे.

वरचा पत्रा लावण्याआधी वॉशआउट द्यावा, म्हणजे पंखाचे टोक मुळापेक्षा कमी कोनात ठेवावे. त्यामुळे वेग कमी झाल्यावर टोके आधी स्टॉल होत नाहीत, म्हणजे त्यांची उचल आधी नाहीशी होत नाही, आणि ग्लायडर एका बाजूला कोसळत नाही. 180 मिमी रुंदीवर 2 अंश म्हणजे साधारण 6 मिमी. मागच्या कडेच्या टाचण्या काढून मुळाशी शून्य आणि टोकाशी 6 मिमी जाडीची लांब पाचर तिच्याखाली सरकवावी आणि पुन्हा टाचाव्यात. दोन्ही पंखांसाठी पाचर एकाच पट्टीतून कापावी. त्यानंतर वरच्या पत्र्याची बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसावी, म्हणजे तो आपोआप वळतो, आणि पुढच्या कडेपासून स्पारपर्यंत चिकटवून टाचावा. पत्रे, पुढची कड आणि स्पार यांची बंद नळी तयार झाली की तो पीळ कायमचा होतो. पीळ चुकीचा असेल तर तोही कायमचाच होतो, म्हणून पत्रा चिकटवण्यापूर्वी पाचर पुन्हा एकदा मोजावी.

दोन्ही अर्धे वाळले की मध्यभागाची जोडणी करावी. प्रत्येक बाजू 6 अंश उचललेली हवी. एक पंख फळीवर सपाट टाचला, तर 750 मिमी लांबीच्या दुसऱ्या पंखाचे टोक 156 मिमी उंच ठोकळ्यावर येते. 2 मिमी बर्च प्लायवुडच्या, त्याच कोनात कापलेल्या दोन पट्ट्या स्पारच्या पुढून आणि मागून बसवाव्यात. त्या मध्यापासून दोन्हीकडे 80 मिमी जाव्यात आणि त्यासाठी मुळाजवळच्या रिबांना फटी पाडाव्यात. येथे फेविकॉल नको, सावकाश वाळणारा अराल्डाइट वापरावा आणि एक पूर्ण दिवस हात लावू नये. शेवटी सांध्याभोवती 50 मिमी रुंद फायबरग्लासची पट्टी त्याच अराल्डाइटने गुंडाळावी.

घासणीला घाई नको. तोंडाला मास्क लावून, लांब ठोकळ्याने, मुळाकडून टोकाकडे घासावे. मागच्या रिबांवर वरूनही 6 मिमीच्या पट्ट्या चिकटवाव्यात. उष्णतेने आकसणारी फिल्म इस्त्रीने आधी खालून आणि मग वरून लावावी. फिल्म आकसताना हलका सांगाडा ओढला जातो, म्हणून प्रत्येक बाजू तापवल्यावर पंख मागून डोळ्याच्या रेषेत धरून दोन्ही मागच्या कडा पाहाव्यात. एक टोक वर दिसले, तर ते हाताने उलट्या दिशेने किंचित पिळून धरावे आणि मदतनिसाने फिल्म पुन्हा तापवावी. थंड होईपर्यंत हात सोडू नये.

पंख धडावर बसवल्यावर पुढच्या कडेपासून 54 ते 60 मिमीवर, दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवून ग्लायडर उचलावे आणि ते सपाट राहीपर्यंत नाकात वजन भरावे. मग नाक आणि शेपटी धरून उचलावे. जो पंख खाली झुकतो त्याच्या विरुद्ध टोकात शिशाचा छोटा तुकडा चिकटवावा. वारा नसलेल्या पहाटे, गवताळ मैदानात, खांद्याच्या उंचीवरून नाक क्षितिजापेक्षा किंचित खाली ठेवून ते सरळ पुढे सोडावे, फेकू नये. पंख सरळ असेल, तर ते कोणत्याही बाजूला न वळता गवतावर सरकत उतरते.