सेल्फ जड फिरतो? आधी अर्थिंग तपासा

सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) मारला की इंजिन जड फिरायचं, हेडलाइट मंद व्हायचे. बॅटरी मात्र ठणठणीत, १२.६ व्होल्ट. अशा वेळी नवा सेल्फ घ्यायची घाई करू नका. जुन्या पिकअपची चासी नव्याने रंगवली की अर्थिंगच्या (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीच्या) बोल्टखाली रंग बसतो आणि हा दोष उद्भवतो. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, त्यामुळे करंटला परतीची वाट अर्थिंगच्या केबल आणि इंजिन-चासी जोडणाऱ्या तारांच्या पट्टीतूनच.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटावर), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना १.१ व्होल्ट दिसले. ०.५ च्या वर गेलं की जोडणी खराब समजायची.

निगेटिव्ह केबल आधी सोडली. पट्टीचा बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासला. पट्टीच्या तारा आतून काळ्या पडल्या होत्या, म्हणून तीही बदलली. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळलं आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावली.

आता सेल्फ मारताना ०.१५ व्होल्ट.